मूळ चालीचं पान

योहानिस चर्चच्या मागे एक अरुंद, उताराची गल्ली आहे. तिथे म्योबियस यांचं दुकान होतं. पुढे जुनी पुस्तकं आणि नकाशे, मागच्या खोलीत संगीताची जुनी नोटेशन. झिटाऊ गावातले कारखाने एकामागून एक बंद पडले, तरणी मंडळी पश्चिमेला निघून गेली आणि मागे राहिलेली घरं रिकामी होऊ लागली. त्या घरांतल्या पियानोच्या बाकांमधून जे जे निघालं, ते सगळं हळूहळू म्योबियसच्या मागच्या खोलीत येऊन पडलं होतं.

आल्मुट पेत्झोल्ड तिथे दर गुरुवारी जायची. गावच्या संगीतशाळेत ती पियानो शिकवायची आणि वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी दुपारी, विणकर सभागृहात स्वतःचा कार्यक्रम करायची. त्या कार्यक्रमात ती कुणाला माहीत असलेलं असं काही वाजवतच नसे. एकोणिसाव्या शतकात, घराघरांत पियानो होते त्या काळात, शेकडो लोकांनी हजारो रचना लिहिल्या. त्यातल्या मूठभर टिकल्या आणि बाकीच्या धूळ खात पडल्या. आल्मुट त्या धुळीतून एखादी उचलून आणायची. त्यातही तिचा जीव व्हेरिएशन्सवर. एक साधी, सहज गुणगुणता येईल अशी चाल घ्यायची आणि मग तिला निरनिराळी रूपं द्यायची. एक धावतं, एक रुसलेलं, एक नाचरं, एक रडवेलं. प्रत्येक रूपाखाली मूळ चाल कुठेतरी श्वास घेत असते, ती शोधत बसायला तिला आवडायचं.

"कुणीच वाजवत नाही ते वाजवलं की कुणाशी तुलनाच होत नाही," तिचा नवरा एकार्ट म्हणायचा. "हुशार आहे आमची बायको."

तो हे थट्टेनं म्हणायचा. पण तरुणपणी ड्रेस्डेनच्या एका स्पर्धेत ती भर रचनेत थांबली होती आणि उठून चालती झाली होती, हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे ती थट्टा तिला थोडी लागायची.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला तरी नोव्हेंबरसाठी मनासारखं काही सापडलं नव्हतं. गुरुवारी ती दुकानात शिरली, तर म्योबियसनी काउंटरवरूनच हात वर केला.

"आधी हात धू. अगं, नखांत माती आहे बघ. माझे कागद दीडशे वर्षांचे आहेत."

"विसरलेच," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली. म्योबियसना ऐकू येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ते माणसांचे ओठ वाचायचे आणि नोटेशनही तसंच, नुसत्या डोळ्यांनी. तिनं हात धुऊन पुसले. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय तिकडे?"

"गवत फार माजलंय," आल्मुट म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि विषय तिथेच सोडून एक जाड, करड्या कागदात बांधलेलं बाड पुढे सरकवलं.

"शेजारच्या ओल्बर्सडॉर्फच्या एका घरातून आलंय. पियानो शिकवणारी बाई होती, एकटीच राहायची. मला कुणी नाही, कधी नव्हतंच, असं सांगायची. मी एकदा गेलो होतो, तेव्हा भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो होता. विचारलं तर म्हणाली, घर घेतलं तेव्हा भिंतीबरोबरच मिळाला." ते हसले. "म्हातारपण, दुसरं काय! पण हे बघ. पहिलं पान फाटलंय. रचनेचं नाव गेलं, लिहिणाऱ्याचं नाव गेलं आणि मूळ चालही गेली. राहिलीत ती नुसती रूपं."

"मग ही कशाची रूपं आहेत ते कळणार कसं?"

"ते तू शोध. मी बहिरा माणूस. मला डोळ्यांनी वाचूनच झोप लागेना."

मागच्या खोलीतल्या जुन्या पियानोवर तिनं बाड उघडलं. कागदाला कापूर आणि ओल यांचा मिळून एक वास होता. पहिलं रूप सोपं होतं, अगदी निरागस. दुसऱ्यात डावा हात पाण्यासारखा वाहू लागला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. इतकं चांगलं, की ते आजवर कुणी वाजवलं कसं नाही याचं तिला नवल वाटलं. मधलं एक संथ रूप वाजवताना तिनं एकाएकी मान वर केली. काहीतरी ओळखीचं, अगदी रोजच्या सवयीचं, ओठांपर्यंत आलं. ती थांबली. चाल पुन्हा आठवून पाहिली, तर काही नव्हतं. खांद्यावरची जड पिशवी कुणी न सांगता उतरवून घ्यावी तसं फक्त हलकं वाटत होतं.

घरी जिन्यात किल्ली शोधताना तिच्या हाताला पिशवीत काहीतरी टोचलं. हातात मावेल एवढं बागकामाचं दाताळं होतं, दातांना माती चिकटलेली. ती जिन्यातल्या दिव्याखाली त्याच्याकडे बघत उभी राहिली. हे आपल्याकडे कसं आलं ते तिला काही केल्या आठवेना. शेजारच्या गॉख्टबाईंच्या बाल्कनीत फुलांच्या कुंड्या होत्या. तिनं ते त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवून ठेवलं.

संध्याकाळी ती वाजवत असताना एकार्ट स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. भूमापन खात्यातला माणूस, गाण्याच्या बाबतीत अगदी दगड. पण त्या संथ रूपाशी ती आली आणि तो गुणगुणू लागला. सुरात. तिनं बोटं न थांबवता कान दिला. चाल अंगाईसारखी होती, छोटी, शेवटी प्रश्न विचारल्यासारखी वर जाणारी. खालच्या सुरांवर ती तंतोतंत बसत होती.

"एकार्ट, ही कुठली चाल?"

तो दारात आला, हातात सुरी. डोळे भरून आलेले, पण चेहरा हसरा.

"झोपवायचं गाणं आहे गं. रोज म्हणावं लागायचं. एकदा म्हणून भागायचं नाही…" तो थबकला. "कुणाला बरं? आई म्हणायची बहुतेक. मला."

तिनं ती चाल लगेच नोटेशनच्या वहीत टिपून ठेवली. सापडली, असंच तिला वाटलं. हीच ती हरवलेली मूळ चाल असणार, जुनं लोकगीत असेल कुठलंतरी.

त्याच आठवड्यात त्यांनी पियानो मागच्या लहान खोलीत हलवला. तिथे एक अरुंद पलंग होता तेवढाच, आणि भिंतींना निळ्या छोट्या गलबतांचा कागद. खिडकीतून दूर ओयबिनचे डोंगर दिसायचे.

"ही खोली आपण इतकी वर्षं अशीच का ठेवली होती?" एकार्टनं विचारलं.

"आळस," ती म्हणाली. "पलंग तळघरात टाकू."

पलंग जिन्यावरून खाली नेताना गॉख्टबाई भेटल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पलंगाकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी आल्मुटच्या गालाला हात लावला.

"बरं केलंत बाळांनो. कधीतरी करायलाच हवं होतं."

"जागा किती अडली होती हो," आल्मुट म्हणाली. गॉख्टबाईंनी हात मागे घेतला.

गॉख्टबाईंची बैठकीची खोली त्या लहान खोलीला लागून होती, मध्ये एकच भिंत. काही दिवसांनी सकाळीच त्यांनी बेल वाजवली. हात पिठानं माखलेले, केस सुटलेले.

"ही चाल तुला कुणी दिली?"

"कुणी नाही. मला मूळ चाल माहीतच नाही, गॉख्टबाई. पानच नाहीये."

"थापा मारू नकोस! माझ्या झिगमारची आहे ती. आमच्या लग्नात त्यानं अ‍ॅकॉर्डियनवर वाजवली होती, स्वतः बांधलेली. पुन्हा दर वाढदिवसाला, फक्त माझ्यासाठी, दार लावून. बाहेर कुणाला माहीतच नाही ती." आणि उंबऱ्यातच त्या गाऊ लागल्या, फटकन वळणाऱ्या नाचाच्या तालात, पायानं ठेका धरून. बाईंचं वय गळून पडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या लाजत होत्या.

आल्मुटनं त्याही सुरांना वहीत जागा दिली. रात्रीच्या जेवणाआधी दोन्ही चाली तिनं एकाखाली एक मांडल्या. अंगाई आणि नाच. कुठेच जुळत नव्हत्या, आणि तरी मात्रेमात्रेला रूपांवर चपखल बसत होत्या. तिनं स्वतःची समजूत घातली. खालची चौकट साधी आहे, अशा चौकटीवर शंभर चाली बसतील. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं. असं तिनं एकार्टला समजावूनही सांगितलं.

"मी गुणगुणलो? मी?" एकार्ट हसला. "अगं, मला बैलाइतकाही गळा नाही."

"ती अंगाई. आईची."

"कुठली अंगाई?"

तिनं ती पियानोवर वाजवून दाखवली. त्यानं शांतपणे, सभ्यपणे ऐकली. परक्याच्या घरी ऐकतात तशी.

"गोड आहे," तो म्हणाला. "तूच बांधलीस?"

अडगळ उचलायला नगरपालिकेची गाडी येणार होती त्या सकाळी फुटपाथवर जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर लाल शिंपल्यासारखी चकाकणारी अ‍ॅकॉर्डियन होती, पट्टे नीट गुंडाळलेले. गॉख्टबाई तिच्याशेजारी एक दिवा ठेवत होत्या.

"गॉख्टबाई! अहो, ही झिगमारची ना?"

"कुणाची?"

"झिगमारची. तुमच्या…"

"असेल बाई कुणाची तरी. कपाटावर पडली होती, धूळ नुसती. आता बघ, तिथे रेडिओ मस्त मावतो." त्यांनी हात झटकले. अंगावर नवं, हिरव्या फुलांचं जाकीट होतं. इतक्या वर्षांत आल्मुटनं त्यांना करड्या रंगाशिवाय पाहिलं नव्हतं. "ये ना आत. टाइखेलमाउके केलंय, बटाटे कुस्करून, जास्तीचं झालं. मला मेलीला दोन ताटांचं करायची काय सवय आहे कोण जाणे."

आत भिंतीवर, जिथे झिगमारचा ट्रकच्या कारखान्यासमोरचा फोटो असायचा, तिथे एक फिकट चौकोन होता. गॉख्टबाई त्यावर कॅलेंडर लावावं की आरसा याचा विचार करत होत्या. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. त्यांना भाजीचे भाव, शेजाऱ्यांची भांडणं, आल्मुटचा वाढदिवस, सगळं पाठ होतं. फक्त एक माणूस नव्हता. आणि तो नसल्याचं दुःखही नव्हतं.

आल्मुट घरी आली आणि तिनं पियानोचं झाकण लावलं. ते तिनं दोन दिवस उघडलं नाही.

इथे थांबायला हवं होतं. पुढच्या सगळ्या दिवसांत ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण चौकात भित्तिपत्रकं लागली होती. ड्रेस्डेनच्या वर्तमानपत्राचा समीक्षक येणार होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिकिटं संपल्याचं सभागृहवाल्यांनी कळवलं होतं, तेही पहिल्यांदाच. आणि रचना तिच्या हातांत बसली होती, पूर्ण. असं तिच्या हातून कधी काही झालं नव्हतं. तिच्या मनात एकदा असंही आलं, की गॉख्टबाईंचं दुःख गेलं तर त्यात वाईट काय झालं? बाई हसतेय, खातेय, हिरवी फुलं घालतेय. आणि आपण स्वतः इतके आठवडे रोज हे वाजवतोय, आपलं काय गेलं? काहीच नाही. आपल्याला तर कुठली चाल ऐकूसुद्धा आली नाही.

हा शेवटचा विचार तिला तेव्हा दिलासा देऊन गेला. थोडं वाईटही वाटलं. जाण्यासारखं कुणी आपल्याकडे नसावंच, असा त्याचा अर्थ होत होता.

तिनं झाकण उघडलं.

रविवारी दुपारी आकाश खाली आलेलं होतं, हवेत कोळशाच्या धुराचा वास. विणकर सभागृहात ओले कोट, बुटांचं पॉलिश आणि कॉफी यांचा दर्प भरून राहिला होता. अर्धं गाव आलं होतं. तिचा दंतवैद्य, बेकरीतल्या दोघी बहिणी, पास्टरची विधवा, शाळेतले सहकारी. बहुतेक सगळे उतारवयाचे, कारण तरुण गावात उरलेच नव्हते. पहिल्या रांगेत एकार्ट, त्याच्याशेजारी समीक्षक, मांडीवर वही उघडून.

पूर्वार्ध ठीक झाला. उत्तरार्धात ती ते बाड घेऊन बसली.

पहिल्या रूपाला कुणी खोकलं नाही. दुसऱ्याला समीक्षकाचं पेन थांबलं. तिला डोळ्यांच्या कडेनं दिसत होतं, लोक किंचित पुढे झुकत होते, अंधारात कुणीतरी ओळखीचं येताना दिसावं तसे.

तिसऱ्या की चौथ्या रूपात तिला पहिला गुणगुणण्याचा आवाज आला. मागच्या रांगेत, पुरुषाचा, जाडसर. मग एक बाईचा. तो वेगळी चाल गात होता, ती वेगळी.

मग आणखी.

संथ रूप आलं तेव्हा सगळं सभागृह ओठ मिटून गात होतं. प्रत्येकाची चाल निराळी. कूच करणाऱ्या सैनिकांचं गाणं, नाताळचं गाणं, शिटीवरची धून, बाळाला खेळवण्याचे नुसते निरर्थक स्वर. आणि एकही सूर दुसऱ्याला खुपत नव्हता.

इतकं सुंदर तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

तिला थांबायचं होतं. एकदा ती थांबली होती, ड्रेस्डेनला, नको तिथे. आता बोटं थांबेनात.

पास्टरची विधवा हात पुढे करून बसली होती, कुणाचातरी हात धरल्यासारखा. मग तिनं तो सोडला.

शेवटचं रूप संपलं.

टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या, नेहमीपेक्षा जास्त. लोकांनी डोळे पुसले, एकमेकांकडे पाहून हसले आणि थंडीतून आत आल्यासारखे हात चोळत कॉफीकडे वळले. सभागृहात एवढा हसण्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. समीक्षकानं तिचा हात हातात घेतला.

"फार छान. फारच छान. फक्त…" त्यानं वहीत पाहिलं. "मूळ चाल मी लिहून घेतली होती असं वाटलं मला. पान कोरंच आहे. असो!"

पास्टरची विधवा टेबलाशी बसून केक खात होती. विधवा बायका घालतात तशा तिच्या बोटात दोन अंगठ्या होत्या, एक स्वतःची, एक नवऱ्याची. तिनं खाता खाता हात समोर धरला, भुवया आक्रसल्या, मोठी अंगठी काढली आणि बशीत ठेवली. वर कागदी रुमाल टाकला. मग पुन्हा बेकरीवाल्या बहिणींशी बोलू लागली.

लोक पांगल्यावर कप धुणारी बाई आल्मुटला शोधत आली. तिच्या तळहातावर अंगठ्या होत्या, कॉफीनं ओल्या झालेल्या, आणि दोन लॉकेटं.

"बाई, हे बशांमधून निघालं. चुकून राहिलं असेल ना लोकांचं? मी विचारलं सगळ्यांना. कुणीच आपलं म्हणेना."

 

दुसऱ्या दिवशी ती बाड घेऊन म्योबियसकडे गेली. "हे ठेवून घ्या," ती म्हणाली. "विकू नका. कुणाला दाखवूही नका." त्यांनी तिचे ओठ नीट पाहिले, बाड घेतलं आणि वरच्या फळीवर टाकलं. कारण विचारलं नाही. नंतर तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"हल्ली स्वच्छ असतात," ते म्हणाले.

"का नसावेत?"

म्योबियस तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिचे हात हलकेच सोडले.

तो आठवडा तिनं लोकांना त्यांची माणसं परत देण्यात घालवला. निदान प्रयत्न केला. पास्टरच्या विधवेला तिनं पास्टरांच्या गोष्टी सांगितल्या. बाईनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "भले गृहस्थ दिसतायत. मी कधी भेटले नाही वाटतं." गॉख्टबाईंच्या दाराशी तिनं झिगमारची चाल गाऊन दाखवली. बाईंनी मजेत टाळ्या वाजवल्या. कुणी रडलं नाही, कुणी रागावलं नाही. कुणी ओरडून तिला जाब विचारला असता तर तिला बरं वाटलं असतं. सगळ्या गावात त्या माणसांची आठवण आता तिच्याच डोक्यात होती, आणि तिला त्यांच्याबद्दल माहीत तरी किती होतं? झिगमार मोठ्यानं शिंकायचा. पास्टर चालताना वाकायचे. एवढ्यावर माणूस उभा राहत नाही.

मग मृतांचा रविवार आला. त्या दिवशी झिटाऊत सगळे दफनभूमीत जातात, हिवाळ्यासाठी थडग्यांवर फर झाडाच्या डहाळ्या अंथरतात, दिवे लावतात. फाटकाशी फुलवाली हात काखेत घालून उभी होती.

"काय झालंय लोकांना यंदा?" ती म्हणाली. "अर्ध्या डहाळ्या तशाच पडल्यात. जा, न्या हव्या तेवढ्या."

आल्मुटनं दोन्ही हातांत मावतील तेवढ्या घेतल्या, एकार्टला तेवढ्याच घ्यायला लावल्या. आत झाडांखाली काही थडगी हिरवी होती, त्यांवर दिवे होते. मधली कितीतरी उघडी पडलेली, कुजक्या पानांखाली. ती एकेकाशी थांबून नाव वाचू लागली. झिगमार गॉख्ट. तिनं पानं दूर केली, डहाळ्या अंथरल्या, हातानं दाबल्या. पास्टर. बेकरीवाल्या बहिणींची आई. दंतवैद्याचा भाऊ.

"ही सगळी कोण तुझी?" एकार्टनं विचारलं. तो कुरकुर न करता फांद्या धरून मागे मागे येत होता.

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण कुणीतरी करायला हवं ना."

तिची बोटं बधिर झाली होती, गुडघे भिजले होते. तरी काम करताना पहिल्यांदाच छातीवरचा दगड जरा हलल्यासारखा वाटत होता. आपण हे दरवर्षी करू, तिनं ठरवलं. आपलं काही गेलेलं नाही, तेव्हा आपल्यालाच करता येईल.

भिंतीच्या कडेला एक वयस्क बाई मेणबत्तीचा काचदिवा पुसत बसली होती. आल्मुटला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलात का! बरं झालं. मला काळजीच लागली होती. म्हटलं, हिला बरंबिरं नाही की काय. किती आठवडे झाले दिसला नाहीत."

"माफ करा," आल्मुट म्हणाली, "आपण ओळखतो का एकमेकींना?"

"नावानं कुठे हो? पण दर गुरुवारी तुम्ही तिथे आणि मी इथे. इतकी वर्षं." बाईनं शेजारच्या लहानशा दगडाकडे हात केला. "राग मानू नका हं. पानं साठली होती म्हणून मीच काढली. डहाळ्याही घातल्या थोड्या. थंडी पडणार लवकर, आणि तो एवढासा."

आल्मुटनं एकार्टकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, चष्मा पुसला आणि वाकून दगडावरचं वाचलं.

"फाल्क पेत्झोल्ड," तो म्हणाला. "अगं, आपलंच आडनाव. आठ वर्षांचा फक्त." तो सरळ झाला. "कोण असतील बिचारे?"

ती बाई दिवा हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.

आल्मुट खाली बसली. दगड जुना होता, पण अक्षरांमध्ये शेवाळाचा ठिपकाही नव्हता. प्रत्येक खाच कुणीतरी नखानं कोरून स्वच्छ ठेवली होती. किती जीव असेल या पोराच्या आईचा, तिला वाटलं. आणि त्या अनोळखी बाईचा तिला थोडासा हेवा वाटला.